वर्गातच वर चढता यावं

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या आवारात अंगणवाडीही भरते. पहिलीचा वर्ग आणि अंगणवाडीची खोली यांच्यामध्ये एवढी एक भिंत. भिंतीच्या पलीकडे सहा वर्षांच्या मुलांना शिकवायचं तर डी.एल.एड. ही अध्यापनाची पदविका लागते, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागते. तिथे रुजू झालेली शिक्षिका पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून दरमहा १६,००० रुपयांवर काम करते आणि मग वेतनश्रेणीत जाते. भिंतीच्या अलीकडे पाच वर्षांची, चार वर्षांची, तीन वर्षांची मुलं एकाच खोलीत बसलेली असतात. त्यांच्या सेविकेकडे बारावीचा दाखला मागितला जातो. तिला मिळतं ते मानधन. तीन वर्षांनी मिळतं तेही मानधनच, आणि तीस वर्षांनी निवृत्त होताना हातात पडतं तेही मानधनच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं आणि त्याने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा एकच सलग टप्पा मानला. पायाभूत टप्पा. अंगणवाडीची तीन वर्षं, त्याला जोडून पहिली आणि दुसरी. मुलाच्या बाजूने पाहिलं तर हे अगदी बरोबर आहे. जूनमधल्या एका सोमवारी मूल अचानक वेगळ्या पद्धतीने शिकायला लागत नाही. पण टप्पा एक केला तरी त्यात शिकवणाऱ्या दोघी जणी दोन वेगळ्या जगांत राहिल्या. एकीला शिक्षणाची, बढतीची, निवृत्तिवेतनाची रचना आहे. दुसरीला योजना आहे.

ही दरी भरायला धोरणाने एक उपाय सांगितला: प्रमाणपत्र. बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका. तीही नोकरी न सोडता, दूरस्थ पद्धतीने, डीटीएच वाहिन्या आणि स्मार्टफोनवरून, महिन्यातून किमान एक संपर्कवर्ग घेऊन. मी या कल्पनेच्या बाजूने आहे. लहान मुलांना शिकवणं ही शिकून, सरावाने येणारी विद्या आहे आणि त्या विद्येला नाव, दर्जा आणि कागद मिळायला हवा. पण त्याच धोरणात पुढे असंही लिहिलं आहे की, दीर्घकाळात राज्यांनी बालशिक्षणासाठी पात्र शिक्षकांचा स्वतंत्र संवर्ग उभा करावा आणि त्यांच्या सेवेतल्या वाटचालीचा आराखडा करावा. अभ्यासक्रमाला महिन्यांची मुदत आहे. संवर्गाला ‘दीर्घकाळात’ एवढा एकच शब्द आहे. माझं म्हणणं सगळं या फरकाबद्दल आहे. प्रमाणपत्र आज आणि पायरी कधीतरी, असं चालणार नाही. प्रमाणपत्राच्या पहिल्या तासाआधी पायरी ठरलेली हवी.

सेविकेच्या दिवसाकडे नीट पाहिलं तर हे का म्हणतो ते कळेल. सकाळी खोली उघडायची, मुलांना गोळा करायचं, आहाराची व्यवस्था पाहायची. वजन-उंची घ्यायची, ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी मोबाइल ॲपमध्ये भरायची. घरपोच आहाराचं वाटप, गरोदर आणि स्तनदा मातांच्या गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविकेबरोबर बसणं. त्यावर निवडणूक आली की मतदार याद्या. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्ज आले तेही गावोगावी याच बायकांनी भरून घेतले. या सगळ्यातून उरलेल्या वेळेत पूर्वशालेय शिक्षण. अशा बाईच्या हातात आणखी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम द्यायचा, तो तिने रात्री स्वयंपाकपाणी आवरल्यावर मोबाइलवर पाहायचा, आणि तो पूर्ण झाल्यावर तिच्या पदात, पैशात, मानात काहीच बदलायचं नाही? मग ती त्या अभ्यासक्रमाकडे आणखी एक भरायची माहिती म्हणूनच पाहील. आजही मानधन पदावर ठरतं, फार तर सेवेच्या वर्षांनुसार थोडी वाढ मिळते. शिकून काय मिळवलं, याला त्या हिशेबात जागा नाही.

आणि तरी शिकण्यासारखं किती आहे! इथे थोडं थांबतो, कारण ‘लहान मुलांना काय, गाणी म्हणायची आणि खेळवायचं’ ही समजूत मंत्रालयापासून गावच्या पारापर्यंत सगळीकडे आहे, आणि या बायकांच्या मानधनाचं मूळ त्या समजुतीत आहे.

तीन वर्षांचं मूल पहिल्यांदा खोलीत येतं आणि महिनाभर तोंड उघडत नाही. ते बुजरं आहे, त्याला ऐकू कमी येतं, की घरची भाषा वेगळी असल्यामुळे बाई काय म्हणतात तेच त्याला कळत नाही? मेळघाटात घरात कोरकू बोललं जातं, पालघरच्या पाड्यांवर वारली, नंदुरबारकडे भिली आणि पावरी. मराठीतली गोष्ट या मुलांपुढे कशी मांडायची? आधी त्यांच्या बोलीतले शब्द घेऊन, चित्र दाखवून, हातवारे करून, आणि मराठी हळूहळू त्यात मिसळत. घाई केली तर मूल गप्प होतं, आणि ते गप्प राहणं पुढे पहिलीत ‘मठ्ठ’ या शिक्क्यात बदलतं. मोजणी शिकवायची तर एक ते शंभर पाठ म्हणून घेणं सोपं आहे. पण चिंचोक्यांचे दोन ढीग करून कुठल्यात जास्त, हे मुलाने न मोजता ओळखणं, मग मोजून पडताळणं, मग एक ढीग पसरून ठेवला तरी संख्या तीच राहते हे त्याला उमगणं, यात काही महिने जातात. कुठल्या मुलाला कुठला ढीग द्यायचा हे बाईंना कळावं लागतं. पेन्सिल धरायच्या आधी बोटांत ताकद यावी म्हणून माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं. तीन वर्षांचं आणि साडेपाच वर्षांचं मूल एकाच खोलीत असताना दोघांनाही एकाच गोष्टीत गुंतवून ठेवणं. हे सगळं करणाऱ्या सेविका महाराष्ट्रात आहेत. त्यातल्या अनेक जणी हे वर्षानुवर्षांच्या अनुभवातून, एकट्यानेच शिकल्या आहेत आणि आपण जे करतो त्याला शास्त्र म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेलंही नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट नव्याने सांगायला लागावी याचं दुःख आहे, कारण देशाला ती सांगितली आपणच. ताराबाई मोडक राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयातलं प्राचार्यपद सोडून भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. मोठ्यांना शिकवणाऱ्या प्राचार्येने लहानांकडे येणं म्हणजे खाली येणं नाही, हे त्यांनी आपल्या आयुष्याने दाखवलं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डीपासून त्यांच्यासोबत असलेल्या अनुताई वाघ मूळच्या प्राथमिक शिक्षिका. मॅट्रिक त्यांनी नोकरी करता करता, रात्रीच्या शाळेत जाऊन केलं होतं, आणि पदवी मिळवली ती पन्नाशीच्या सुमाराला, कोसबाडचं काम अंगावर असताना. म्हणजे नोकरीतल्या बाईने मध्येच शिकावं, पदवी घ्यावी, हा आपल्याकडचाच वारसा आहे. या दोघींच्या कामात शिक्षिकेचं प्रशिक्षण मुलांच्या खोलीपासून कधी तुटलं नाही. शिंपल्यांपासून, पानांपासून, बियांपासून साधनं कशी करायची हे शिकायचं ते तिथेच, मुलांच्या हातात ती देऊन पाहत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. नाव गेलं, पण शिक्षिका घडवण्याची ती चिवट, हातात हात धरून शिकवण्याची रीत तेवढ्या प्रमाणात गेली नाही. नव्या सेविकेच्या कार्यप्रशिक्षणाची मुदत २६ दिवसांची राहिली आणि त्यातही पोषण, आरोग्य, नोंदवह्या यांना वाटा द्यायचा होता. अलीकडच्या ‘पोषण भी, पढाई भी’ या सेविकांच्या प्रशिक्षण मोहिमेत तर शिक्षणाचा भाग मोजक्या दिवसांत बसवावा लागला.

तेव्हा प्रमाणपत्र हवंच. पण ते कशाचं असावं? मोबाइलवर चित्रफिती पाहून शेवटी बहुपर्यायी प्रश्न सोडवल्याचं असेल तर ज्या बाईला मुलं सांभाळायला येतात तिच्यापेक्षा जिला मोबाइल सफाईने वापरता येतो ती पुढे जाईल. लेखी परीक्षेत मागे पडणाऱ्या पण मुलांसमोर उभ्या राहिल्या की खोलीत जीव आणणाऱ्या सेविकांवर तो उघड अन्याय होईल.

अमेरिकेत ‘चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट’ नावाचं प्रमाणपत्र आहे. योगायोग असा की, ते पहिल्यांदा दिलं गेलं तेही १९७५ मध्येच, आपली योजना सुरू झाली त्याच वर्षी. त्यासाठी १२० तासांचं प्रशिक्षण लागतं, पण त्याबरोबर लहान मुलांसोबत ४८० तास प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो, कामाची स्वतः तयार केलेली संचिका लागते, परीक्षा असते, आणि जाणकार व्यक्ती वर्गात बसून उमेदवाराचं काम पाहते. वर्गात बसून पाहणं, एवढी एक गोष्ट आपण तिथून घ्यावी. दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळभर. पाहणारी व्यक्ती कार्यालयातून तपासणीला आलेली नसावी. तिने स्वतः अंगणवाडी किंवा बालवाडी चालवलेली असावी. निवृत्त झालेल्या उत्तम सेविकांचा त्यासाठी किती चांगला उपयोग होईल! संचिकेत लेखी निबंधाऐवजी बाईंनी केलेली साधनं, सांगितलेल्या गोष्टींचं ध्वनिमुद्रण, एखाद्या मुलाच्या सहा महिन्यांतल्या प्रगतीच्या नोंदी असाव्यात. भाषा मराठी, आणि जिथे सेविकेची आणि मुलांची बोली वेगळी आहे तिथे ती बोली चालावी. जी वीस वर्षं हे काम करते आहे तिला पहिल्या धड्यापासून बसवू नये. तिला जे येतं ते पाहून तेवढे तास माफ करावेत आणि जे येत नाही तेवढंच शिकवावं. कौशल्य विकासाच्या सरकारी चौकटीत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आहेच. गवंड्याला आणि सुताराला जी लागू होते ती सेविकेला व्हायला हरकत काय?

प्रमाणपत्राचा आणखी एक उपयोग आहे. आज पालकांना तीन वर्षांच्या मुलाच्या वहीत एबीसीडी हवी असते. शेजारच्या गावातल्या ‘इंग्लिश मीडियम’मध्ये ज्युनियर केजीच्या मुलाला घरचा अभ्यास मिळतो, मग आपल्या अंगणवाडीत का नाही? सेविकेला कळतं की, या वयात ओळीवर ओळी गिरवून घेणं हे मुलाच्या बोटांवर आणि मनावर ओझं आहे. पण ‘बारावी शिकलेल्या बाई काय सांगणार’ या नजरेपुढे ती गप्प बसते आणि पाटीवर अक्षरं काढून देते. तिच्या भिंतीवर बालशिक्षणातली मान्यताप्राप्त पात्रता टांगलेली असेल, तर ती पालकसभेत ठामपणे सांगू शकेल की, तुमच्या मुलाला आत्ता गोष्ट हवी, वही नको. डॉक्टरांचा सल्ला रुचला नाही तरी आपण ऐकतो, कारण त्यामागे विद्या आहे हे आपण मान्य केलेलं असतं. ती मान्यता सेविकेला मिळवून देणं हे शासनाचं काम आहे.

आता पायरीबद्दल. आज सेविकेला वर जायचं असेल तर वाट एकच आहे: पर्यवेक्षिका होणं. केंद्राच्या २०२२ च्या ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ मार्गदर्शक सूचनांत पर्यवेक्षिकांची निम्मी पदं पाच वर्षं काम केलेल्या सेविकांमधून आणि सेविकांची निम्मी पदं अनुभवी मदतनीसांमधून भरावीत असं म्हटलं आहे. हे चांगलंच आहे. पण आकडे पाहा. महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या. एकेका पर्यवेक्षिकेच्या बीटमध्ये, म्हणजे देखरेखीखालच्या भागात, कितीतरी अंगणवाड्या येतात. बहुसंख्य सेविकांना ती खुर्ची कधीच मिळणार नाही, कारण तेवढ्या खुर्च्याच नाहीत. वर अन्य अर्हतेच्या अटी आहेतच. आणि जिला ती मिळते तिचं काय होतं? जी बाई मुलांमध्ये सगळ्यात छान रमते, जिच्या खोलीतलं मूल पहिलीत आत्मविश्वासाने जातं, तिला आपण बक्षीस म्हणून मुलांपासून दूर नेतो आणि अहवालांच्या, भेटींच्या, आढावा बैठकांच्या हवाली करतो. जिला मुलांमध्येच राहायचं आहे तिच्यासाठी वरची जागाच नाही.

म्हणून पायऱ्या खोलीच्या आत हव्यात. सेविका, मग प्रमाणित बालशिक्षिका, मग ज्येष्ठ बालशिक्षिका, जी स्वतःची अंगणवाडी चालवत असतानाच महिन्यातले काही दिवस आसपासच्या नव्या सेविकांना आपल्या खोलीत बसवून शिकवेल. प्रत्येक पायरीला मानधनात ठरलेली, लेखी वाढ. मदतनीस ताईंनाही यात वर येण्याची वाट हवी, कारण प्रत्यक्षात मुलांचा हात धरणारी, त्यांना शौचाला नेणारी, रडणाऱ्याला कडेवर घेणारी तीच असते.

इथे एक सावधगिरी. फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने सेविका आणि मदतनीस दोघींसाठी किमान बारावीची अट आली. त्याआधी सेविकेला दहावी आणि मदतनीसाला सातवी पुरत असे. दर्जा वाढवायचा हेतू मला समजतो. पण दारातच अट उंच केली की परित्यक्ता, विधवा, पाड्यावरची दहावीला शाळा सुटलेली मुलगी बाहेर राहते, आणि नेमक्या त्याच बायका त्या वस्तीतल्या मुलांची भाषा बोलतात. ग्रामीण भागात स्थानिक बाईला घराजवळ मिळणारी ही फार मोजक्या कामांपैकी एक जागा आहे. बारावीने बालशिक्षण येतं असंही नाही, बारावीत ते शिकवतच नाहीत. दार रुंद ठेवावं आणि आतला जिना पक्का बांधावा, हे मला अधिक योग्य वाटतं. कमी शिकलेली बाई आत येऊ दे, आणि पगारी वेळेत शिकून वर जाऊ दे.

पगारी वेळेत, हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो. संपर्कवर्गाचा दिवस हा कामाचा दिवस धरावा. प्रवासभत्ता आधी मिळावा. त्या दिवशी मदतनीस किंवा बदली सेविका खोली सांभाळेल अशी सोय असावी. शुल्क शून्य असावं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९९० मध्ये ‘टीच’ नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली, तिची बांधणी याच जाणिवेतून झाली. बालसंगोपन केंद्रातल्या शिक्षिकेच्या शिक्षणाचा बहुतेक खर्च शिष्यवृत्ती उचलते, मालक आणि शिक्षिका थोडा वाटा देतात, शिक्षणासाठी सुट्टी मिळते, ठरलेला अभ्यास पुरा झाला की पगारवाढ किंवा बोनस द्यावाच लागतो, आणि बदल्यात शिक्षिका त्याच केंद्रात आणखी काही काळ राहण्याचं वचन देते. शिक्षण आणि वाढ एकाच करारात बांधलेली. तिकडे मालक खासगी असतात. आपल्याकडे मालक शासन स्वतः आहे, तेव्हा असा करार करणं अधिक सोपं असायला हवं.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. केंद्राने सेविकेच्या मानधनाचा आपला आकडा २०१८ मध्ये ३,००० वरून ४,५०० रुपयांवर नेला. त्यावर भर घालण्याचं ओझं राज्यांवर आलं. महाराष्ट्रात सेविकांना २०२३ मध्ये १०,००० रुपये मिळू लागले, त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून त्यांना दीर्घ संप करावा लागला, आणि २०२४ मध्ये आकडा १३,००० वर गेला. प्रत्येक वाढ रस्त्यावर उतरून, थंडीत आझाद मैदानात बसून मिळवलेली. मी म्हणेन, ही वाढ शिकण्याशी जोडली तर सरकारचाही त्यात लाभ आहे. संपातून मिळालेल्या वाढीने सेविकेला न्याय मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. पण त्यावर पात्रतेची वाढ आली तर त्याच रुपयात मुलाच्या वाट्याला अधिक चांगला वर्ग येतो. दोन्ही हवं. एकाच्या बदल्यात दुसरं नको, हेही स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर मूळ मानधन गोठवून ‘प्रमाणपत्र घ्या मग वाढ’ असं म्हणण्याची वाट उघडेल.

दुसरा आक्षेप: शिकलेल्या सेविका खासगी शाळांत निघून जातील. काही जातील. पण आज शहरातल्या आणि तालुक्यातल्या खासगी बालवर्गांत शिकवणाऱ्या बहुतेक तरुणींची परिस्थिती सेविकेपेक्षा वाईट आहे. तिथला पगार मालक ठरवतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत अनेक ठिकाणी तोही थांबतो, आणि वर्षभराचा खासगी ‘मॉन्टेसरी कोर्स’ हजारो रुपये भरून केलेला असला तरी त्याला कुठे मान्यता आहे हे तिलाही माहीत नसतं. एकच, राज्यभर मान्य असलेली पात्रता असेल तर या दोघींनाही तिचा आधार मिळेल. खासगीतल्या बाईला पगाराबद्दल बोलताना हातात काहीतरी असेल, आणि सेविकेला शाळेच्या बालवर्गात जाता येईल किंवा तिथून परत येता येईल.

कायद्याच्या बाजूनेही आता मागे फिरायला जागा उरलेली नाही. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्याखाली ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क आहे असा निकाल दिला. त्यांचं काम अर्धवेळ स्वरूपाचं मानता येत नाही, हे त्यात आलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पूर्वशालेय शिक्षणाची जी तरतूद आहे, तिचंही काम अंगणवाडीत होतं हेही न्यायालयाने विचारात घेतलं. शिक्षणाचं काम करते हे न्यायालयाने ज्या बाईबद्दल मान्य केलं, तिला शिक्षिकेचा संवर्ग नाकारण्यासाठी ‘मानद कार्यकर्ती’ हा जुना युक्तिवाद आता किती दिवस पुरणार?

सुरुवात बीटच्या मासिक सभेपासून करता येईल. आज त्या सभेचा बराच वेळ राहिलेल्या नोंदी, आलेली पत्रं आणि पुढच्या मोहिमेच्या सूचना यांत जातो. त्यातला अर्धा दिवस बालशिक्षणासाठी राखून ठेवावा आणि तो प्रमाणपत्राच्या तासांत मोजावा. मग महिला व बालविकास आणि शालेय शिक्षण या दोन्ही खात्यांनी मिळून एकच शासन निर्णय काढावा. त्यात अभ्यासक्रमाच्या तासांच्या शेजारच्या रकान्यात प्रत्येक पायरीची मानधनवाढ रुपयांत लिहिलेली असावी, आणि ती लागू होण्याची तारीखही.